सर, सेंटर पुन्हा चुकलं नाही

सर,

आता पुन्हा सर म्हणते. मधली दोन वर्षं, आपण दोघं पदवीला होतो तेव्हा, त्या कॉलेजच्या फाटकाच्या आत तुम्ही मला तसं म्हणू दिलं नव्हतं.

पहिला दिवस आठवतो. वॉचमननं तुमचा पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशातलं पेन आणि करडे केस बघितले आणि उठून सलाम केला. प्राचार्यांची खोली डाव्या हाताला आहे म्हणाला. मी विद्यार्थी आहे, असं तुम्ही त्याला सांगितलंत. त्याला ते नीट ऐकू गेलं नाही. मग तुम्हाला तेच पुन्हा, जरा मोठ्यानं सांगावं लागलं, आणि बाजूनं जाणाऱ्या पोरांनी वळून बघितलं. मी तुमच्या मागं दोन पावलांवर होते. मी जमिनीकडं बघितलं.

जिन्यात तुम्ही थांबलात. म्हणालात, "मंगल, इथं मला सर म्हणू नको."

"मग काय म्हणू?"

"काय बी म्हण. सर नको. लाज वाटते."

तुमच्या तोंडून तो शब्द स्वतःसाठी मी पहिल्यांदा ऐकला. तोवर लाज ही तुम्ही दुसऱ्याला द्यायची गोष्ट होती. मला काय म्हणावं ते सुचलं नाही, म्हणून त्या इमारतीत मी तुम्हाला कधी हाकच मारली नाही. काही विचारायचं असलं तर तुमच्या बाकाजवळ जाऊन उभी राहायची. तुम्ही मान वर करेपर्यंत.

तुम्ही कोण होतात, किती वर्षं नोकरी केलीत, हे संस्थेनं फलकावर लिहून लावलंय. जाणारे-येणारे थांबून वाचतात. त्यात आपलं काहीच नाही. आपलं जे आहे ते लेथ मशीनवर सुरू झालं, आणि ते मला कुणासमोर धड सांगता आलेलं नाही.

चितेगावच्या अलीकडं पैठण रोडला आपली धंदेशिक्षणाची संस्था. खाजगी, पत्र्याची, उन्हाळ्यात भट्टी. मी फुलंब्रीहून यायची. बाबा मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने रानोमाळ, मी आत्याकडं राहून दहावी झालेली. शिवणकामाच्या जागा भरल्या होत्या, टर्नरची, म्हणजे लेथवर लोखंड कातायची, एक उरली होती, म्हणून मी टर्नर झाले. वर्गात मी एकटी मुलगी. तुम्ही हजेरी घेताना माझ्या नावापाशी थांबलात, चष्म्यावरून बघितलंत आणि पुढं गेलात. मला वाटलं, चला, काही बोलले नाहीत. मुलं म्हणाली, थांब, बोलतील.

दुसऱ्या आठवड्यात फेसिंग शिकवलंत. फिरत्या लोखंडी गोलाचं तोंड सपाट करायचं, एवढंच काम. पण कापणाऱ्या टूलचं टोक बरोबर मध्यावर, सेंटरला पाहिजे. जरा खाली राहिलं की सगळं तोंड गुळगुळीत होतं आणि मधोमध एक बारका उंचवटा तसाच राहतो. माझा राहिला. तुम्ही तो जॉब, म्हणजे तो गोल, मशीनच्या पकडीतून, चकमधून काढलात, सगळ्यांना जवळ बोलावलंत आणि उजेडात धरलात.

"हे बघा. फुलंब्रीच्या बाईनं याला नाक ठेवलंय," तुम्ही म्हणालात. "आता उद्या येताना नथ बी आण."

मुलं हसली. तुम्ही हसला नाहीत, तुम्ही कधीच हसत नव्हता. तो तुकडा तुम्ही खिडकीत ठेवलात, सगळ्यांना दिसेल असा. आठवडाभर तिथंच होता. त्या दिवसापासून मी नथवाली झाले. वर्गात, बसस्टॉपवर, नंतर ज्या वर्कशॉपमध्ये कामाला लागले तिथंही, कारण तिथं तुमचेच दोन जुने विद्यार्थी होते.

टूल लावताना मी पुन्हा कधी चुकले नाही. आजही डोळे मिटून सेंटर लावते. हे तुमच्या बाजूचं आहे, आणि मी ते नाकारत नाही.

मी वर्कशॉपमध्ये चार वर्षं काढल्यावर तुम्हीच मला संस्थेत मदतनीस शिक्षिका म्हणून बोलावलंत. मॅनेजर म्हणत होता, बाई मशीनवर कशाला. तुम्ही त्याला काय सांगितलंत ते मला कळलं नाही, पण सोमवारी या असा निरोप आला. मग आपण एकाच शेडमध्ये उभे राहिलो. मशीनच्या त्या टोकाला तुम्ही, या टोकाला मी. तुमचा आवाज सगळ्या मशिनींच्या वर जायचा. कुणाला म्हशीचा डोळा, कुणाला हलवायाचा हात, कुणाला काय. तुम्ही एखाद्या मुलावर ओरडलात की माझ्या हातातलं काम थांबायचं. बाईमाणूस म्हणून दचकते असं मुलांना वाटायचं.

मग ती पदवीची अट आली. ज्याला धंदेशिक्षणाचा शिक्षक म्हणून राहायचंय त्यानं शिकवण्याची पदवी घ्यायची, नाहीतर जागा सोडायची. तुम्ही पन्नाशीच्या पुढं गेला होता. मी तिशीतली, पदरी अंगावर पिणारी पोर. दोघांनी एकाच दिवशी प्रवेश घेतला. शनिवार-रविवार वर्ग, उन्हाळ्याच्या सुट्टीत सलग.

माझ्या घरी ते पसंत नव्हतं. नवऱ्याचं म्हणणं, पाच दिवस नोकरी आणि उरलेले दोन दिवस कॉलेज, मग घर कुणी बघायचं. मी तुम्हाला एवढंच सांगितलं की बहुतेक जमणार नाही. त्याच आठवड्यात तुम्ही स्कूटरवर फुलंब्रीला, माझ्या सासरी आलात. ओसरीवर खाटेवर बसलात, चहा घेतलात, पाऊसपाणी, मेंढरांचा भाव, सगळं बोललात. मी आत चुलीपाशी होते. निघायच्या आधी तुम्ही नवऱ्याला म्हणालात, "दादा, एक सांगतो. ही माझ्यापरीस चांगली शिकवते. पोरांना विचारा." आणि उठलात.

माझ्या तोंडावर तुम्ही हे कधी म्हणाला नाहीत. त्याच्या आधी नाही, नंतरही नाही. भिंतीपलीकडून ऐकलेलं तेवढंच. नवऱ्यानं त्यावर काही वाद घातला नाही. पुढची दोन वर्षं शनिवारी सकाळी पोरीचं तोच करायचा.

म्हणून मला आजही कळत नाही, की अशा माणसाविषयी मनात जे दुसरं होतं ते मी कुठं ठेवायचं होतं.

कॉलेजात आपल्याला शिकवायला वैद्य मॅडम होत्या. तुमच्या मुलीच्या वयाच्या. शिकणाऱ्याच्या मनावर शिक्षेचा काय परिणाम होतो हा धडा चालू होता, आणि त्यांनी विचारलं, कुणाचा काही अनुभव आहे का. मी उभी राहिले. का राहिले ते मला तेव्हाही माहीत नव्हतं. मी नथीची गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही. आमचे एक शिक्षक होते, असं म्हटलं. आणि सर, मी ती विनोदासारखी सांगितली. हातवारे करून, तुमचा आवाज काढून. वर्ग पोट धरून हसला. मीही हसले. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, तुम्हाला त्या वेळी काय वाटलं? मी म्हटलं, काही नाही मॅडम, लहान होते, त्यामुळंच तर शिकले.

तुम्ही शेवटच्या बाकावर होता. मी वळून बघितलं नाही.

वर्ग सुटल्यावर तुम्ही नेहमीसारखे माझ्याबरोबर बसस्टॉपपर्यंत आलात. मी स्कूटरवर मागं बसणार नाही हे तुम्हाला माहीत होतं, म्हणून तुम्ही कायम स्कूटर ढकलत चालायचात. स्टॉप जवळ आल्यावर म्हणालात, "आवाज बरा काढलास."

मी तिकिटाचे सुटे पैसे मोजू लागले.

"मंगल, सेंटर चुकलं का परत कधी?"

"नाही सर."

"मग?"

बस आली आणि मी चढले. ते 'मग' तिथंच राहिलं. पुढं किती वेळा आपण त्यावर बोललो. तुमचं म्हणणं, लाज वाटल्याशिवाय हात शिकत नाही. चटका बसला की पोरगं विस्तवाला हात लावत नाही, तसंच हे. माझं म्हणणं, तसं नसतं सर, पुस्तकात असं असं दिलंय. मी पुस्तकातलं सांगत राहिले. माझ्याकडं त्या 'मग'चं उत्तर होतं आणि ते पुस्तकातलं नव्हतं.

ते असं होतं. माझ्या लग्नात आईनं नथ आणली होती. हौसेनं, किती दिवस मागं लागून बाबांकडून घेतलेली. मी ती घातली नाही. नाक टोचलेलं होतं, तरी म्हटलं दुखतंय. आई समजावत राहिली, आत्या रागावली, मावशा म्हणाल्या शहरात शिकून हिचं डोकं फिरलं. मी नाही घातली. लग्नाच्या सगळ्या फोटोंत माझं नाक मोकळं आहे. आईला कारण कधी कळलं नाही. तीही गेली.

हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही.

मग तुमचा सरावाचा धडा आला. आपल्याच वर्गातल्यांनी विद्यार्थी व्हायचं आणि एकानं दहा मिनिटं शिकवायचं. तुम्ही व्हर्नियरनं, म्हणजे बारीक मापाच्या पट्टीनं, माप घ्यायला शिकवत होता. कन्नड तालुक्यातला एक नवखा मुलगा विद्यार्थी झाला होता. त्याला माप चुकीचं वाचायला सांगितलेलं होतं, शिक्षक कसं दुरुस्त करतो ते बघण्यासाठी. त्यानं ते चुकीचं वाचलं, आणि तुम्ही विसरलात. म्हणजे हे नाटक आहे हे विसरलात. त्याच्या हातातून व्हर्नियर ओढून घेतलात आणि म्हणालात, डोळे हायेत का बटणं शिवलीत? घरी आईनं गुरं राखायला ठेवायचं तर इकडं कशाला पाठवलं?

त्या मुलाचे वडील खरंच गुराखी होते. तुम्हाला ते माहीत नव्हतं. त्याचा चेहरा उतरला. तो नाटकातला राहिला नाही. मॅडमनी धडा थांबवला. शांतपणे म्हणाल्या की हा धडा पुन्हा द्यावा लागेल. तुम्ही खडू हातात घेऊन उभे होता. ज्या माणसाच्या आवाजानं शेड हलायची तो खडूकडं बघत उभा होता, आणि विशीतली पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत होती.

मला त्या दिवशी बरं वाटायला हवं होतं, इतकी वर्षं ते मनात धरलं होतं. वाटलं नाही. मला तुमच्या पुढं जाऊन उभं राहावंसं वाटलं, म्हणजे कुणाला तुम्ही दिसणार नाही. मी मात्र बसूनच राहिले.

सोमवारी मुलं गेल्यावर शेडमध्ये तुम्ही माझ्याजवळ आलात. मशिनी बंद होत्या. म्हणालात, "मला बोलायला शिकव." एवढंच. तोंड दुसरीकडं करून.

मग पुढचे दोन महिने, मुलं गेली की अर्धा-पाऊण तास, मी विद्यार्थी आणि तुम्ही शिक्षक. मी मुद्दाम चुका करायची. तुम्ही कमीपणा न आणता त्या सांगायच्या. सुरुवातीला तुम्हाला 'छान' म्हणता यायचं नाही. म्हणजे म्हणायचात, पण कडू काढा थुंकल्यासारखं. मला हसू फुटायचं. तुम्ही चिडायचात, म्हणायचात, "खोटं कसं म्हणू? छान नाय तर नाय." मी सांगायची, जे बरोबर केलंय तेवढं आधी सांगा, ते खोटं नसतं. तुम्ही पुन्हा सुरू करायचात. आवाज चढला की मी हात वर करायची. आवाज चढवायचाच नाही, हा माझा नियम. कशासाठीही नाही. तुम्ही तो पाळायला शिकलात. तुम्ही चांगले विद्यार्थी होता सर, मी बघितलेल्यांत सगळ्यांत चांगले.

एका संध्याकाळी मी फेसिंगला घेतलं. टूल मुद्दाम खाली लावलं. तोंड सपाट झालं, मधोमध तो उंचवटा राहिला. मशीन बंद केली आणि जॉब काढून तुमच्या हातात दिला.

तुम्ही तो उजेडात धरला. मला वाटतं, तुम्हाला लगेच कळलं. अंगठ्यानं तो उंचवटा चाचपत राहिलात. मग म्हणालात, "तोंड चांगलं आलंय. टूलखाली अजून एक पट्टी टाक, वर येईल." तुमचा आवाज इतका खाली गेला होता की मला शेवटचे शब्द ओठांवरून कळले.

मी पट्टी टाकली. पुन्हा फेसिंग केलं. आपण दोघंही त्यावर काही बोललो नाही, ना त्या दिवशी, ना कधी. मला तेव्हाच लाज वाटली आणि ती अजून गेलेली नाही. पन्नास ओलांडलेल्या माणसाला मी अंधारातून हात धरून त्याच जागी आणून उभं केलं होतं. शिकवण्यासाठी आणलं की फेडण्यासाठी, हे मला सांगता येत नाही.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. खरी मुलं, खरी मशीन. तुमच्या धड्यात एका पोरानं माप चुकवलं. तुम्ही त्याच्या शेजारी वाकलात, म्हणालात, पकडलंय बरोबर, आता रेघ सरळ डोळ्यासमोर आण, बघ काय दिसतं. त्या पोराला नीट दिसलं. परीक्षक मान हलवत होते. आपण दोघं पास झालो. तुमच्या मंडळींनी, काकूंनी, शहागंजातल्या तुमच्या गल्लीत पेढे वाटले. तुम्ही म्हणत होता, या वयात काय पेढे वाटता, लोक हसतील. काकूंनी ऐकलं नाही, मलाही डबा भरून दिला. तुम्ही मात्र पदवीचा झगा घातलेला तो फोटो भिंतीवर लावला नाहीत.

त्यानंतर शेड बदलली. तुमच्या टोकाकडून हाका येईनात. मुलं तुमच्याजवळ येऊन प्रश्न विचारू लागली. पूर्वी विचारत नव्हती. मी मनात म्हणायची, बघा, पुस्तकात दिलंय तसंच होतंय. तुम्ही एकदा म्हणालात, पोरं आता भीत नाहीत. तुम्ही ते तक्रार म्हणून म्हणालात की कौतुक म्हणून, मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

मग तो दिवस. एका मुलानं चक आवळला आणि चकची चावी त्यातच विसरला. मशीन सुरू केली की ती चावी गोळीसारखी सुटते, हे पहिल्या दिवशी शिकवतात. तरी विसरतात. त्याचा हात मशीन सुरू करायच्या लिव्हरकडं गेला. तुम्ही चार पावलांवर होता. पूर्वीचे तुम्ही असता तर शेडचे पत्रे वाजले असते आणि ते पोरगं जागच्या जागी दगड झालं असतं. त्या दिवशी तुम्ही तोंड उघडलंत, पण आवाज आला नाही. तुम्ही धावलात आणि हात मध्ये घातला. लिव्हर उचलली गेली होती. पोराला ओरखडाही आला नाही. चावी तुमच्या उजव्या मनगटावर बसली.

हाड जुळलं, पण हात आला नाही. बारीक काम करताना थरथरायचा. संस्थेनं तुम्हाला फळ्यापुढं ठेवलं, तुम्ही निवृत्त होईपर्यंत नुसतं पुस्तकातलं शिकवलंत. मशीनला पुन्हा हात लावला नाहीत. सगळे म्हणाले, सरांनी पोराला वाचवलं. सत्कार झाला. नारळ, शाल. मीही टाळ्या वाजवल्या.

सत्कारानंतर तुम्ही मला एकटीला म्हणालात, "मी शब्द शोधत राह्यलो गं. जुना तोंडात आला व्हता, तो गिळला. नवा सापडंना."

आवाज चढवायचाच नाही, कशासाठीही नाही. हा नियम माझा होता. कुठल्या पुस्तकात नव्हता, मॅडमनीही सांगितला नव्हता. तुमची हाक आणि तुमचा अपमान माझ्या कानात एकच होते, कारण माझ्या वाट्याला ते कायम एकत्रच आले. म्हणून मी दोन्ही एकदम काढून टाकायला लावले. तुमच्याकडं ती एक चांगली गोष्ट होती, पोराला मरणाच्या दारातून ओढणारी हाक, आणि मी तीही काढून घेतली.

शेवटची भेट झाली ती शहागंजातल्या घरी. खाली तुमच्या भावाचं लोखंडी सामानाचं दुकान, वर तुम्ही. गादीवर पडून होता, अंगात काही उरलं नव्हतं, तरी शर्टाला इस्त्री होती. खालून गाडेवाल्यांचा गलका येत होता. तुम्ही विचारलंत, मुली किती आहेत आता. मी सांगितलं, बऱ्याच आहेत, यंदा टर्नरलाही आहेत. तुम्ही मान हलवलीत. मग विचारलंत, नव्या मास्तरांना तू काय शिकवतीस. आता नव्याने लागणाऱ्यांना मीच तयार करते ना, त्याचं विचारत होता.

मी सांगितलं की पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगते. धोका दिसला तर बेंबीच्या देठापासून ओरडायचं, तिथं सभ्यपणा नाही. आणि माणसाला कमीपणा आणणारा शब्द कितीही हळू आवाजात असला तरी काढायचा नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

तुम्ही छताकडं बघत होता. म्हणालात, "हे मला नाय सांगितलंस."

"तेव्हा मलाच माहीत नव्हतं सर."

"व्हय," तुम्ही म्हणालात. "बरोबर हाय."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. काकूंनी चहा आणला आणि आपण पाण्याच्या टंचाईवर बोललो. मला ते कुठून कळलं, हे मी तुम्हाला सांगितलं नाही. तुमच्या मनगटावरून कळलं, असं त्या मनगटाकडं बघत म्हणायचं होतं. मी चहा प्यायले आणि निघाले.

तुम्ही गेलात त्यानंतर संस्थेनं शोकसभा ठेवली. तुमचे जुने विद्यार्थी लांबलांबून आले, कुणाचं वाळूजला वर्कशॉप, कुणी कंपनीत फोरमन. एकेक उठून सांगत होता. मला म्हशीचा डोळा म्हणायचे. मला हलवायाचा हात म्हणायचे. सांगताना हसत होते, डोळे पुसत होते, आपापलं टोपणनाव पदकासारखं मिरवत होते. मागून कुणीतरी ओरडलं, आता नथवाली मॅडमला बोलू द्या. सगळे प्रेमानं हसले. मी उभी राहिले आणि पुन्हा तेच केलं. तुमचा आवाज काढून ती गोष्ट सांगितली. पुन्हा सगळे हसले. मी खाली बसले.

निघताना काकूंनी मला बाजूला घेतलं. त्या हसल्या नव्हत्या. म्हणाल्या, मला तुला एक सांगायचं होतं, ते होते तोवर सांगता आलं नाही.

तुम्ही त्यांना घरीही तसंच बोलायचात हे मला माहीत नव्हतं सर. भाजीवरून, हिशेबावरून, पाहुण्यांपुढं. पोरांना दिलीत तशी नावं त्यांनाही होती. त्या म्हणाल्या, इतकी वर्षं मी धरून चालले होते की मास्तर लोक असेच असतात. मग तुम्ही ती पदवी करत होता तेव्हा एके दिवशी जेवता जेवता तुम्ही त्यांना विचारलंत, तुला कधी माझ्या बोलण्याची लाज वाटली का. काकू म्हणाल्या, "मी म्हटलं, व्हय. रोज वाटती."

"मग काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय नाय म्हणाले. ताट ढकललं नाय, रागावले नाय. ऐकून घेतलं. मग म्हणाले, सांग, कधी कधी. मी सांगत बसले. उजाडेपर्यंत सांगितलं असतं तरी संपलं नसतं. पण त्यांनी ऐकलं. पुढं कधी बोलले नाय तसं. तुझ्या त्या कॉलेजनं माझं म्हातारपण बरं गेलं, बाई."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांना वाटलं मी तुमच्यासाठी रडतेय.

सर, तुम्ही मला ते कधी विचारलं नाहीत. सेंटर चुकलं का, एवढंच विचारलंत. मला इतके दिवस वाटायचं, एकदा तरी विचारायला हवं होतं यांनी. काकूंचं ऐकल्यावर वाटेत बसमध्ये मी तुम्हाला विचारायला लावून बघितलं, मनातल्या मनात, तुमच्या आवाजात. मंगल, तुला तेव्हा लाज वाटली का. आणि माझं उत्तर मला स्पष्ट ऐकू आलं. नाही सर, काही नाही, मी तेव्हाच विसरले.

तुम्ही विचारलं असतं तरी मी हेच म्हणाले असते.